डिफ्यूझर पंधरा सेंटिमीटर मागे

मंडळी, सापडला! रात्रीच्या पतंगांच्या (मॉथ) माझ्या फ्लॅश-फोटोंत दोन पावसाळे छळणारा तो पाऊण स्टॉपचा फरक अखेर सापडला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आणि तो फ्लॅशमध्ये नव्हताच.

रविवारी पहाटे आंबोलीहून परतलो तेव्हा मात्र पार खचलो होतो. रात्र सुंदर झाली होती. धुकं साडेदहाला विरळ झालं आणि बल्बच्या उजेडात टांगलेली पांढरी चादर पतंगांनी भरून गेली. टायगर मॉथ, तगरीवर वाढणारा तो हिरवा हॉकमॉथ, दोन मून मॉथ आणि नखाएवढे असंख्य. १८६ फ्रेम घेतल्या. सगळं मॅन्युअलवर बांधलेलं: आयएसओ २००, एफ/११, १/२००, फ्लॅश १/१६, हेडचा झूम ५० वर. ई-टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने फ्लॅश आपोआप ठरवणं, का सोडलं ते मागे लिहिलंच आहे. पांढरी चादर दिसली की ते प्रकाश कमी करतं, काळा पतंग फ्रेमभर आला की वाढवतं, आणि प्रत्येक वेळी एफईएल (फ्लॅश आधी मोजून लॉक करणं) करण्याइतका वेळ पतंग देत नाही. मॅन्युअलवर हा प्रश्नच उरायला नको होता.

तरी घरी फायली उघडल्या तर तेच. नखाएवढे पतंग बरोबर उजळलेले, अंगठ्याएवढे टायगर मॉथ काळपट. त्याहून मोठ्यांसाठी मी फ्लॅश मुद्दाम वाढवतो, त्यांचं सोडा. पण एकाच सेटिंगवर, एकाच चादरीवर हा फरक कुठून येतो?

सोमवारपासून एकेक संशयित घेतला. पहिला बल्ब. फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर फ्रेम घेतली, ठार काळी. बल्ब सुटला.

दुसरे सेल. दिवा लागला म्हणजे कपॅसिटर काठोकाठ भरला असं नसतं, हे आपल्याला माहीत आहे. शिवाय गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेले स्वस्त रिचार्जेबल सेल सहा महिन्यांत मेले होते, त्यामुळे माझा सगळा राग सेलवरच होता. चार नव्या पांढऱ्या एनेलूप (रिचार्जेबल सेल) आणल्या. भिंतीवर ग्रे कार्ड (उजेड मोजायचा करडा पुठ्ठा), कॅमेरा ट्रायपॉडवर, दर तीन सेकंदांनी एक अशा ४० फ्रेम. डार्कटेबल या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा तोच चौकोन मोजला, फरक जेमतेम एक दशांश स्टॉप. मग जुने सेल घातले, तरी तेवढाच! १/१६ वर कपॅसिटर इतका थोडा रिकामा होतो की सेल कसेही असोत, तो लगेच भरतो. फुल पॉवरवर जुन्या सेलची दाणादाण उडाली, पण फुल पॉवर मी वापरतच नाही.

दोन संध्याकाळी अशा गेल्या. बुधवारी कार्डाच्या कोपऱ्यावरचा छापील ठिपका नीट दिसावा म्हणून ट्रायपॉड थोडा मागे घेतला आणि १:१ (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराची) वरून १:२ (निम्म्या आकाराची) वर फोकस केलं. कार्ड काळपटलं. मी उठून दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारल्या.

कारण हे उलटं व्हायला हवं होतं. १:१ ला एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं (आकडा मोठा तसा प्रकाश कमी), म्हणजे दोन स्टॉप गेले. १:२ ला ते साधारण एफ/१६ होतं. कॅननच्या बॉडीवर आकडा ११ च राहतो. निकॉनवाल्यांना १०५ मायक्रो लेन्सवर २.८ चं ४.८ झालेलं निदान डोळ्यांना दिसतं, आणि हा मला निकॉनचा खरा मोठेपणा वाटतो. तर मागे सरकल्यावर मला ०.८ स्टॉप प्रकाश जास्त मिळायला हवा होता. मिळाला पाऊण स्टॉप कमी.

मग फूटपट्टी काढली. माझ्या डिफ्यूझरचं (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणाऱ्या पडद्याचं) तोंड लेन्सच्या काचेच्या पाच सेंटिमीटर पुढे येतं. १:१ ला काचेपासून कार्ड १५ सेंटिमीटर, म्हणजे डिफ्यूझरपासून १०. १:२ ला काचेपासून २३, डिफ्यूझरपासून १८. अंतर १० चं १८ झालं की प्रकाश अंतराच्या वर्गाने, म्हणजे सव्वातीन पट घटतो, म्हणजे १.७ स्टॉप. त्यातून ०.८ परत मिळाले, उरला साधारण ०.९. डिफ्यूझर रुंद असल्यामुळे वर्गाचा नियम जवळून तंतोतंत लागू होत नाही, म्हणून मोजताना पाऊण.

आता गंमत बघा. हेच गणित उलटं मांडलं. डिफ्यूझर कार्डापासून किती दूर असला तर १:१ वरून १:२ वर जाताना नेमके ०.८ स्टॉपच जातील? उत्तर आलं २५ सेंटिमीटर. २५ चे ३३ होतात, प्रकाश पावणेदोन पट घटतो, आणि लेन्स तेवढाच परत देते. म्हणजे डिफ्यूझर काचेच्या दहा सेंटिमीटर मागे, आजच्यापेक्षा पंधरा सेंटिमीटर मागे.

रात्रीच फ्लॅशचं ब्रॅकेट उलटं फिरवलं, दोन नायलॉन टायने बांधलं आणि १:१, १:१.५, १:२, १:३ अशा फ्रेम घेतल्या. पहिल्या तिन्ही एका रेषेत! १:३ ला एक तृतीयांश स्टॉप अंधार, तो रॉ फाइलमध्ये सहज सावरतो. चारही हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) एकाखाली एक लावून बराच वेळ नुसता बघत बसलो.

किंमत मोजावी लागलीच. प्रकाश दूर गेल्यामुळे फ्लॅश १/४ वर आणि आयएसओ ३२० वर न्यावा लागला. १/४ वर चमक लांबते, त्यामुळे उडण्याआधी पंख थरथरवणारे हॉकमॉथ हलतील अशी भीती आहे. पण एनेलूप वाया गेल्या नाहीत, १/४ वर जुने सेल लगेच मागे पडतात. दुसरं, प्रकाश कडक झाला, डोळ्यांवरचा ठिपका टोचतो. म्हणून डिफ्यूझर दुप्पट करायचा. दुधाळ अ‍ॅक्रिलिक जड होतं, बाजारातल्या फुगवायच्या डिफ्यूझरवर माझा विश्वास नाही. ट्रेसिंग पेपरचे दोन थर आणि फोम शीटची चौकट यापेक्षा चांगलं मला अजून काही मिळालेलं नाही, फक्त आंबोलीच्या दमटपणात कागद दर फेरीला बदलावा लागतो.

ट्विन फ्लॅश घ्यायचा बेत होता, तो रद्द. आणि हे लिहिता लिहिता मून मॉथचंही सुचलं. तो फ्रेममध्ये मावायला १:५ लागतो, तिथे हे गणित पुरत नाही. पण जुना मॅन्युअल फ्लॅश चादरीच्या बांबूलाच बांधला आणि ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशची चमक दिसताच आपोआप पेटेल असा) ठेवला तर? त्याचं चादरीपासूनचं अंतर मी कुठेही उभा राहिलो तरी बदलणारच नाही. उरतो फक्त लेन्सचा हिशोब, आणि १:३ ते १:५ मध्ये तो अवघा ०.३ स्टॉपचा आहे. शिवाय तिरक्या प्रकाशात पंखांवरचे खवले उठून दिसतील. तेव्हा आधी बांबूवरचा फ्लॅश, मोठा डिफ्यूझर नंतर. येत्या अमावास्येला आंबोलीत दोन्ही लावून बघतो.

तुमच्यापैकी कुणाकडे टॅमरॉनची जुनी ९० मिमी मॅक्रो लेन्स असेल तर काच ते विषय हे अंतर १:१ आणि १:२ ला मोजून कळवा. ती फोकस करताना लांब होते, त्यामुळे डिफ्यूझर लेन्सच्या तोंडाला बांधलाय की बॉडीला, यावर सगळं उत्तर फिरेल.