आधी चष्मा, मग लेन्स

रेंजफाइंडर प्रकारच्या कॅमेऱ्याला पहिली लेन्स कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, चष्मा आहे का तुला? समोरच्याला वाटतं मी विषय बदलतेय. पण खरंच हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. लेन्सची धार, रंग, बोके (मागचा धूसरपणा) यांवर माणसं तासन्‌तास बोलतात आणि कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असलेल्या त्या छोट्या खिडकीबद्दल कुणी बोलत नाही.

एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधूनच बघतो. लेन्स बदलली की दिसणंही बदलतं. रेंजफाइंडरमध्ये डोळ्याचा आणि लेन्सचा थेट संबंध नसतो. लेन्सच्या वरच्या, वेगळ्या खिडकीतून आपण बघतो आणि त्या खिडकीतून दिसणारं जग कायम तेवढंच राहतं. बदलते ती फक्त उजेडाच्या रेघांची चौकट. कुठल्या लेन्सची चौकट असेल आणि ती खिडकीत किती जागा व्यापेल, हे बॉडी बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणजे बॉडी घेतलीत तेव्हाच तुमची निम्मी लेन्स ठरली.

लायकाचा १९५४चा एम३ घ्या. त्यातली प्रतिमा ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ आहे तेवढीच दिसते, आणि चौकटी ५०, ९० आणि १३५ मिमीच्या लेन्सच्या. आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं. ३५ची चौकट त्यात नाहीच. पुढच्या एम२मध्ये प्रतिमा ०.७२ पटीवर आणली, तेव्हा कडेला जागा झाली आणि ३५ आत बसली. १९८४च्या एम६मध्ये २८ची चौकटसुद्धा आहे, पण चष्मा लावून तिच्या चारही कडा एकदम दिसणं कठीण. कारण साधं आहे. चष्म्याच्या काचेमुळे डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि लांबून कडेचं दिसत नाही.

माझ्याकडे कॅनन पी आहे. १९५९चं मॉडेल, स्क्रू माउंट (लेन्स आट्यांवर फिरवून बसते), लाइट मीटर नाही. त्याच्या फाइंडरमधली, म्हणजे बघायच्या खिडकीतली, प्रतिमा चक्क एकास एक आहे. उजवा डोळा फाइंडरला लावून डावा उघडा ठेवला की दोन्हींमधलं जग एकसारखंच दिसतं, आणि त्या जगात एक पांढरी चौकट अधांतरी तरंगत असते. पुण्यात लक्ष्मी रोडवर उभं राहून हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कॅमेरा हातातून खाली ठेववेना. चौकटीत कोण येणार आहे ते बाहेर असतानाच दिसतं. रिक्षा येतेय, बाई पिशवी सावरत रस्ता ओलांडतेय, आणि दोघं चौकटीत कुठे भेटतील याचा अंदाज आधीच येतो.

कॅनन पीमध्ये ३५, ५० आणि १०० अशा तिन्ही चौकटी एकाच वेळी दिसतात. १००ची मधे, लहानशी. ५०ची ऐसपैस, तिच्याभोवती मोकळी जागाही आहे. आणि ३५ची? ती पार खिडकीच्या भिंतीला चिकटलेली. बिनचष्म्याच्या माणसाने डोळा आत खुपसला तर जेमतेम दिसते. माझ्या चष्म्यातून डावी कड बघावी तर उजवी जाते. आयपीसची धातूची कड चष्म्याला घासू नये म्हणून मी रबराची पातळ रिंग चिकटवलीय, त्यामुळे डोळा आणखी कणभर मागे. म्हणून माझी पहिली लेन्स ५०.

यावर मला सगळ्यांनी वेड्यात काढलं. माझं काम जुन्या वाड्यांची मोजमापं घेऊन नकाशे करण्याचं. कसबा, शनिवार, नारायण, या पेठांमधल्या अरुंद जागा. सगळ्यांचं म्हणणं एकच, तुला ३५च हवी, ५०ने वाड्यात काय दिसणार? मी मोजायची टेप लावली.

रोलवरचं निगेटिव्ह ३६ बाय २४ मिमीचं. कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर जरा मोकळीक ठेवून सहा फुटांची चौकट धरा. ५० मिमीला त्यासाठी सव्वाआठ-साडेआठ फूट मागे जावं लागतं, ३५ मिमीला सहा फुटांच्या जरासं आत. फरक अडीच फुटांचा. मी मोजलेल्या वाड्यांत दोन खांबांमधला खण साधारण पाच फुटांच्या आसपास येतो. म्हणजे ३५ आणि ५० हा सगळा वाद अर्ध्या खणाचा. चौकात उभं राहून ओसरीवरचा माणूस टिपायचा तर अर्धा खण मागे सरकायला जागा मिळतेच. माजघरात नाही मिळत, हे मान्य. पण माजघरात उजेडही नसतो, तिथे हातात कॅमेरा धरून फारसं काही हाती लागत नाही.

तांबट आळीतही मला ५० पुरली. तिथे माणूस बसून काम करतो. बसलेल्या माणसाला साडेतीन फुटांची चौकट बास होते आणि ती पाच फुटांवरून मिळते. दारात उभं राहिलं की झालं. तिथेच रेंजफाइंडरच्या फोकसची एक गंमत कळली. फाइंडरच्या मधोमध एक फिकट पॅच असतो, त्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस लागला. तांब्याचा हंडा मठारून झाला की त्याच्या पोटावर एकसारखे ठोके उमटलेले असतात. पॅच त्या ठोक्यांवर धरलात तर एका ठोक्याची प्रतिमा शेजारच्या ठोक्यावर चपखल बसते, डोळ्याला वाटतं जुळलं, आणि फोकस मात्र दुसरीकडेच असतो. त्यामुळे पॅच हंड्याच्या काठावर न्यायचा. काठ एकच असतो. दोन काठ सरकत सरकत एक होतात आणि तो क्षण चुकूच शकत नाही. जाळीचे दरवाजे, खिडकीचे गज, कौलांच्या ओळी, सगळीकडे हेच. एकट्या रेघेवर फोकस करावा.

आता ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक. आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. १.२ घेऊ, १.४ घेऊ की १.८? कॅननच्या स्क्रू माउंटमध्ये ५० मिमीच्या या तिन्ही आहेत. १.२ सुंदर आहे, पण जाड आहे, फाइंडरच्या खालच्या कोपऱ्यात तिचं नाक येतं. १.४ आणि १.८ यांत फरक एका स्टॉपच्या दोन तृतीयांशाचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पुण्याच्या उन्हात ४०० आयएसओचा, म्हणजे बऱ्यापैकी संवेदनशील, रोल घातला की भर दुपारी एफ १६ला शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं. कॅनन पीचं शटर १/१०००च्या पुढे जात नाही, म्हणजे दुपारी एफ ११च्या आत उघडताच येत नाही. मोठं ॲपर्चर उपयोगी पडतं ते दिवेलागणीला आणि वाड्याच्या आत. तिथे १.८ पुरतं, शिवाय आरसा उडत नसल्याने १/३०ला हात स्थिर राहतो. एक मीटरवर एफ १.८ला जेमतेम चार सेंटीमीटरची जाडी फोकसमध्ये असते. यापेक्षा पातळ काप मला नको. डोळ्यावर फोकस धरला आणि माणूस बोलता बोलता पुढे झुकला की संपलं.

५० घेऊन गमावलं काय, तेही सांगते. अंदाजाने फोकस लावून ठेवण्याची सोय. एफ ८ला ३५ मिमी तीन मीटरवर लावून ठेवली तर साधारण १.९ मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं चालून जातं. ५०ला हाच पट्टा २.३ ते ४.२ मीटरचा होतो. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाच्या पुढ्यात उभं राहून फोकस बघायला उसंत नसते, तिथे ३५वाला सहज जिंकतो. गुलालात, धक्क्यात, टिपरू हवेत असताना पॅच कोण जुळवणार? पालखीत मात्र माझी ५० छान चालते, कारण पालखीची चाल एकसारखी असते. येणारा वारकरी कुठे येईल ते कळतं, आधीच फोकस लावून थांबता येतं.

लेन्स शेवटी घेतली कॅननची ५० मिमी एफ १.८, पन्नासच्या दशकातली. घेण्याआधी बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. मी काच तिरपी करून चकाकी बघत होते, तर ते म्हणाले, “ताई, वरून काय बघताय? उजेड आरपार सोडा.” ॲपर्चर पूर्ण उघडून त्यांनी मोबाइलचा टॉर्च मागून धरला. समोरून पाहिल्यावर आतल्या काचेवर दुधाळ पडदा दिसला, कुणी आत फुंकर मारल्यासारखा. या लेन्समध्ये ॲपर्चरच्या जवळच्या काचेवर असा हेझ येतो. जुनं वंगण हळूहळू काचेवर बसतं आणि फार दिवस राहिलं तर काच खातं, मग पुसूनही जात नाही. ती लेन्स मी परत केली. दुसरी आली ती स्वच्छ. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा डाग होता, मी दचकले, काका म्हणाले, “असू दे हो. तुमचा एसएलआर नाही, पात्यांना झटकन मिटायचं नाहीये. रिंग फिरवली की फिरतायत ना? झालं.”

फंगस, म्हणजे बुरशी, वेगळं. ते धाग्यांसारखं, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं, आणि पुण्याच्या जून ते सप्टेंबरमध्ये त्याला फार आवडतं. जुन्या लेन्ससोबत येणारी चामड्याची केस दिसायला देखणी असते, पण तिच्यात लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बास. जेल मधूनमधून तापवून कोरडं करायचं.

सोव्हिएत जुपिटर-८ लेन्स स्वस्त मिळते आणि फोटोही गोड देते. पण ती झोर्की आणि फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांसाठी बनलेली, जपानी बॉडीवर उघड्या ॲपर्चरला जवळचा फोकस थोडा सरकू शकतो. पहिली लेन्स घेताना चूक आपली की लेन्सची हे कळायला हवं. म्हणून मी ती दुसऱ्या नंबरला ठेवीन.

एम२ असेल आणि चष्मा नसेल, तर खुशाल ३५ घ्या, मी एक शब्द बोलणार नाही. बेसा आर३ए या कॅमेऱ्यात ४०ची चौकट आहे, तिथे ४०. शटरचा पडदा कापडी असलेला कॅमेरा असेल तर उन्हात लेन्स सूर्याकडे तोंड करून ठेवू नका, भिंगाने कागद जळतो तसा पडद्याला भोक पडतं. कॅनन पीचा पडदा धातूचा, तो जळत नाही, पण बोट लागलं की चुरगळतो, तेवढं रोल भरताना जपायचं.

३५ मलाही हवीच आहे, माजघरांसाठी. तेव्हा बाहेरचा फाइंडर वर चढवीन, फोकस एका खिडकीत आणि चौकट दुसऱ्या खिडकीत. मोजणीच्या कामात एवढा वेळ असतो. आणि पेठांमध्ये राहणाऱ्या कुणाला स्वतःच्या चष्म्यातून कॅनन पीच्या चौकटी दिसतात का ते बघायचं असेल, तर मला कळवा. रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन बाहेरच असते. डोळ्याला लावून बघा, मग पैसे खर्च करा.