होम लॅब नोंद: सर्व्हरवर नसलेला ५०६०

५०६० या पोर्टचा, म्हणजे नेटवर्कवरच्या त्या क्रमांकाच्या दाराचा, छडा लागला. भाड्याने घेतलेल्या माझ्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय, पोर्ट २२) आणि एक वेबसाइट (पोर्ट ४४३), एवढंच चालतं. तरी घरून एनमॅप, म्हणजे उघडे पोर्ट शोधणारा स्कॅनर, मारला की २२ आणि ४४३ च्या जोडीला ५०६० ओपन, नाव 'सिप' (इंटरनेटवरच्या फोन कॉलचा प्रोटोकॉल). सर्व्हरवर लॉगिन करून 'एसएस' कमांडने पाहिलं, तर त्या पोर्टवर कोणीच ऐकत बसलेलं नाही.

मग रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊन, उत्तराचं कारण दाखवणारा '--रीझन' पर्याय लावून स्कॅन केला आणि तिथेच खरी मेख सापडली. २२ आणि ४४३ ची उत्तरं टीटीएल (पॅकेटवरचा उतरता आकडा) ५१ ने येतात, ५०६० चं मात्र ६४ ने. लिनक्सचं पॅकेट ६४ ने निघतं आणि वाटेतला प्रत्येक राउटर एकेक कमी करतो. म्हणजे ६४ जसाच्या तसा आला, तर उत्तर देणारा घरातच आहे! खात्रीसाठी सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून घरून पुन्हा स्कॅन केला. ५०६० चं एकही पॅकेट तिथे पोचलं नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तोच पोर्ट क्लोज्ड. घरच्या राउटरमधलं सिप एएलजी (सिप कॉलच्या मधे पडून मदत करणारं फीचर) परस्पर जोडणीचा हँडशेक पूर्ण करत होतं. ते बंद केलं, पोर्ट गायब.

उत्तर नक्की कोण देतंय हे असं तपासायचं तंत्र मला फार मोलाचं वाटतं, कारण नुसत्या स्कॅनमध्ये एनमॅप पोर्टचं नाव आपल्या यादीतून उचलतो, समोरच्याला विचारून नाही. घरच्या टीव्हीवर ८००९ ला 'एजेपी१३' (टॉमकॅट या वेब सर्व्हरचा प्रोटोकॉल) दिसतं, ते याचमुळे. २०२० च्या घोस्टकॅट या सुरक्षा-त्रुटीमुळे टॉमकॅटचा हा पोर्ट बदनाम आहे, पण टीव्हीत कुठला आलाय टॉमकॅट? ओपनएसएसएल या टूलने जोडून पाहिलं तर सरळ टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) सर्टिफिकेट आलं. तो क्रोमकास्टचा पोर्ट आहे. प्रिंटरचा ९१०० तर, समोरच्याला विचारून खात्री करणारा एनमॅपचा '-एसव्ही' पर्यायसुद्धा आपणहून वगळतो. कारण काही प्रिंटर त्या पोर्टवर जे येईल ते छापत सुटतात.

आता उरला राउटरचा ७५४७. तो टीआर-०६९ या प्रोटोकॉलचा, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला राउटर दुरून सांभाळता यावा म्हणून ठेवलेला. आतून ओपन दिसतो. बाहेरून कोणालाही उघडा आहे का, हे सर्व्हरवरून माझ्याच पब्लिक आयपीवर स्कॅन करून पाहायचंय. कोणी आधी केलं असेल, तर टीटीएल काय आला तेवढं नक्की कळवा.