क्राकूवहून आलेला खडखड्या पक्षी

लेक क्राकूवला नोकरीला असते. या खेपेला तिने भाच्यासाठी, म्हणजे माझ्या नातवासाठी, एक लाकडी पक्षी आणला. लांब दांडी, पुढे दोन चाकं, वर तांबडा-हिरवा पक्षी. ढकलत नेला की पंख फडफडतात आणि खडखड आवाज होतो. घरात सगळ्यांचं एकमत: छान आहे, पण काम कच्चं. चाकं डुगडुगतात, पंख खुळखुळतात. सौ. म्हणाली, सावंतवाडीचं काम बघा कसं गुळगुळीत असतं.

मी जन्मभर नाशिकच्या सातपूरला फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, बनवले. लाकूड हातात घेतलं की आधी ते उलटं करून बघतो. लेक ओरडली, "पप्पा, खोलू नका हं!" खोललं नाही, पण भिंग लावून पाहिलं.

दोन्ही चाकांना एकेक तार अडकवलीय, पण मध्यावर नाही, कडेला. तारेचं वरचं टोक पंखाच्या पोटात. चाक फिरलं की तार वरखाली आणि तिच्याबरोबर पंख. म्हणजे क्रँकच झाला की. पंखाला बिजागरी नाही, चामड्याची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलीय. पंख खाली येताना लाकडावर आपटतो, तोच आवाज. आणि चाकाचं भोक आसापेक्षा चांगलं सैल आहे. हा कच्चेपणा नव्हे. लाकूड पावसाळ्यात फुगतं. भोक घट्ट ठेवलं असतं तर आपल्या आषाढात चाक जाम झालं असतं. आम्ही पॅटर्न मुद्दाम मोठा करायचो, कारण ओतलेला धातू गार होताना आकसतो. ज्याला लाकडाचा स्वभाव कळतो तो अशी जागा सोडतोच. बनवणारा कोण ते माहीत नाही, पण गडी कामातला आहे.

या खेळण्याला तिकडे क्लेपोक म्हणतात. गाव स्त्रिशावा, पोलंडच्या दक्षिणेला बेस्किड डोंगरात. झिव्हियेत्स आणि सुखा या दोन गावांच्या आसपासची खेडी गेली शंभराहून जास्त वर्षं हेच करतात. डोंगराळ जमीन, पीक बेताचं, हिवाळा लांबलचक, रान मात्र दाराशी. मग घरोघरी घोडे, गाडे, पाळणे आणि हे पक्षी. माल विकायची जागा म्हणजे जत्रा. काल्वारिया झेब्झिदोव्स्का नावाचं मोठं तीर्थस्थान जवळच आहे, तिथे यात्रेकरू पोरांसाठी खेळणी घेत. आपल्याकडे नाशिकला कालिकेच्या यात्रेत पिपाण्या घेतात तसंच. जत्रेच्या गर्दीत विकायचं तर खेळण्याने लांबून ओरडलं पाहिजे, म्हणून ही खडखड. शोकेसमध्ये ठेवायला ते केलेलंच नाही. तरी आता शोकेसमध्येही गेलंय म्हणा. स्त्रिशावात लाकडी खेळण्यांचं केंद्र आहे आणि क्येल्त्से शहरात १९७९ पासून खेळण्यांचं संग्रहालय.

क्राकूवची खेळण्यांची जुनी जत्रा ईस्टरच्या सोमवारी भरते, नाव एमाउस. झ्वेझिनियेत्स भागात नन्सच्या मठाशी. त्याच दिवशी पोलंडभर लोक एकमेकांना पाण्याने भिजवतात. हे ऐकून मला लगेच आमच्या नाशिकची रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला हौद, आठवली. लेकीला म्हटलं, अगं, तिथेही आपल्यासारखा हौदात उडी घेऊन धप्पा मारतात का? नाही म्हणे, बादल्या आणि पिचकाऱ्याच.

एमाउसला लाकडी झाडावर पक्ष्याचं घरटं आणि पिल्लं असं एक खेळणं मिळतं. शिवाय स्प्रिंगवर डुलणारे, पोथी हातात घेतलेले ज्यू बाहुले. लेक विचारत होती आणू का. नको म्हटलं. युद्धाआधी पोलंडमध्ये तीस लाखांहून जास्त ज्यू होते, त्यांतले बहुतेक मारले गेले. बाहुला करणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण नातवाच्या हातात डुलायला तो द्यायचा म्हणजे मला जमणार नाही. झाड आण म्हटलं.

आता खरी अडचण आमच्या फ्लॅटची. क्लेपोक मातीच्या अंगणासाठी बनवलेला आणि आमच्याकडे चकचकीत टाइल्स. चाकं फिरायच्या ऐवजी घसरतात, मग पंख हलतच नाहीत. दोन्ही चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा कापून चढवल्या. पकड आली, पक्षी उडायला लागला. फोटो पाठवला तर लेकीचा लगेच फोन, "पप्पा, ती लोककला आहे!" तेवढ्यात खालच्या मजल्यावरून काकूंचाही फोन आला, वर सुतारकाम चाललंय का म्हणून. त्यांना सांगितलं, दुपारी दोन ते चार बंद ठेवू.