इटलीतल्या कॅसिनो गावच्या भिंतीवर काकांचं नाव, आणि वहीत आईचं

आमच्या सोप्यात एक फोटो होता. वर्दीतला, पंचविशीच्या आतला माणूस. ‘थोरले काका. लामावर, लढाईला गेले ते आलेच नाहीत,’ एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक. पितृपंधरवड्यात त्यांचं पान आई स्वतः वाढायची आणि त्यावर न चुकता गुळाचा खडा ठेवायची.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत पितळी चांदणीसारखं एक पदक सापडलं. फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. इटली स्टार, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक. माझ्या लेकीने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात पडलेल्या जवानांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर काकांचं नाव शोधलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, जुलै १९४४. खाली एक ओळ होती: अमुक यांचे पुत्र, तमुक यांचे पती, जिल्हा सातारा. ‘यांचे पती’च्या जागी माझ्या आईचं नाव होतं.

मी नव्वदीच्या आत्याकडे गेले. ती बराच वेळ लुगड्याचा पदर चोळत बसली, मग बोलली. तारेत ‘बेपत्ता’ असं आलं होतं, म्हणून आजीने आईचं कुंकू पुसू दिलं नाही. लढाई संपली, पलटण परतली, तरी आई मोटारीच्या वेळेला दारात यायची. मग कधीतरी पक्का कागद आला. १९४८ साली धाकट्या दिराशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, तिचा पाट लावला. रात्री, चार माणसांत. दादा तेव्हा पाच वर्षांचा. दादा थोरल्या काकांचा, मी धाकट्यांची.

दादाला विचारलं तर म्हणाला, “आजीनं सांगितलं होतं मला, शाळेत असताना. तुझा बाप तोच माझा बाप. वेगळं काय सांगायचं?” साठ-पासष्ट वर्षं हे त्याने एकट्याने सांभाळलं होतं. त्याच्याने प्रवास होणार नव्हता. काकांचं नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. गेल्या मे महिन्यात मी लेकीला घेऊन तिकडे निघाले.

ज्यांना जायचंय त्यांनी आधी घरी बसून शोध घ्यावा. नावांची स्पेलिंग त्या काळच्या कारकुनांच्या कानावर अवलंबून होती. सरळ नाव सापडलं नाही तर पलटण, वर्ष आणि वडिलांचं नाव घालून पाहा. रायगडकरांनी जिल्हा ‘कुलाबा’ म्हणून बघावा. थडगं असेलच असं धरून मात्र जाऊ नका. ज्या हिंदू-शीख जवानांना अग्नी मिळाला त्यांची नावं फोर्ली, अरेत्सो, सांग्रो अशा ठिकाणच्या वेगळ्या दहन-स्मारकांवर आहेत. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही ते कॅसिनोच्या स्मारकावर. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले आपले यशवंत घाडगेही तिथेच आहेत. फलकाचा क्रमांक संकेतस्थळावर मिळतो, तो लिहून न्या. चार हजारांवर नावं आहेत, क्रमांकाशिवाय दिवस जाईल.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून कॅसिनोला थेट रेल्वे आहे, दोनेक तास लागतात. स्टेशनपासून स्मशानभूमी साधारण किलोमीटरभर, आम्ही चालतच गेलो. उन्हाची टोपी आणि पाणी हवंच, सावली फार नाही. वर डोंगरावर मठ दिसत राहतो. त्या मठासाठी १९४४ मध्ये चार महिने लढाई चालली होती.

स्मारक म्हणजे मधोमध लांबट हौद आणि दोन्ही बाजूंना हिरवट संगमरवराचे उभे फलक. काकांचं नाव माझ्या डोक्याच्या जरा वर होतं. लेकीने कुंकवाची डबी काढली, पण मी तिचा हात धरला. संगमरवरावर डाग पडतो, आणि त्याच फलकावर दुसऱ्यांचीही माणसं आहेत. कुंकू, तेल, हळद काही लावू नका. आम्ही खाली कागदावर गुळाचा खडा ठेवला, थोडा वेळ बसलो आणि उचलून घेतला. पातळ कागद आणि मऊ पेन्सिल मात्र जरूर न्या. अक्षरं कोरलेली असल्याने कागद धरून हलकं घासलं की नाव उमटतं. माझा हात थरथरत होता, दोन कागद फाटले, तिसऱ्यावर नीट उतरलं.

वेळ असेल तर मध्य इटलीत, उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावीही जा. पेरुजाहून गाडी भाड्याने घेतलेली बरी. घाडगे पडले तो हाच मुलूख, १० जुलै १९४४. २०२३ साली गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय लढले, ५,७८२ परत आले नाहीत. काका घाडग्यांच्याच पलटणीत होते, म्हणून मी तिथली टेकडी डोळे भरून पाहिली.

एक कळकळीचं सांगणं. फलकावर फक्त जवानाचं नाव असतं. बायकोचं, आईचं नाव नोंदवहीत असतं. ती ओळ वाचल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायला उशीर करू नका. आमची आत्या यंदा संक्रांतीला गेली.

परतल्यावर कागद दादाच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. मग विचारलं, “नाव उन्हात आहे का सावलीत?”

“आम्ही गेलो तेव्हा सकाळचं ऊन होतं,” मी म्हटलं.