शाळेसमोर ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेचा बोर्ड लावून घेताना आलेला माझा अनुभव

२०२३ ची गोष्ट आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडली (विदर्भात तेव्हाच उघडते) आणि पहिल्याच आठवड्यात गेटसमोर दुसरीतल्या एका पोरीला बाईकनं उडवलं, कोपराचं हाड मोडलं. आमचा नागपुरातला, मानेवाडा साइडचा आतला रोड, आधी खड्डे होते तर गाड्या आपोआप हळू जायच्या, सिमेंट रोड झाला आणि लोक सुसाट चालवायला लागले. माझा मुलगा तेव्हा तिसरीत, रोज तोच रोड क्रॉस करायचा. रात्रभर झोप नाही आली मला.

पहिले तर वाटलं आपणच वर्गणी काढून बोर्ड लावून टाकू. शेजारचे काका म्हणाले, "लावून काय होते बेटा, शहरात कारला ७० चालते, पेपरात आलं होतं." ते ७० माझ्या डोक्यात बसलं, म्हणून कायदा काढून वाचला. तर ७० आहे ती केंद्राची वरची मर्यादा, २०१८ च्या यादीत महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर कारला ७० आणि मोटरसायकलला ६० असं आहे, जसं एक्सप्रेसवेला १२०. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ सांगते की लोकांच्या सुरक्षेसाठी किंवा रस्ता, पूल कसा आहे ते पाहून राज्य सरकारला, नाहीतर राज्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, त्याच्या खाली लिमिट लावता येते. एखाद्या भागापुरती, एकाच रस्त्यापुरती, नुसती ट्रकपुरतीसुद्धा. फक्त दोन गोष्टी लागतात, राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर बोर्ड. आपण मनानं रंगवून ठोकलेल्या बोर्डाला काही किंमत नाही, त्याच्यावर कोणाला दंड होत नाही. काकांना वाचून दाखवलं तर सगळ्यात पहिली सही त्यांनीच केली.

मग चकरा सुरू. एका ऑफिसात गेली तर म्हणे पोलिसांकडे जा, तिकडे गेली तर म्हणे रोड ज्यांचा त्यांना विचारा. दोन महिने यातच गेले आणि मला खरंच राग येत होता, कारण गेटसमोर रोज तेच होऊन राहिलं होतं. नंतर कळलं की दोघंही अर्धं अर्धं बरोबर होते, लिमिटचा आदेश पोलिसांकडून निघणार आणि रोडवरचं काम, पट्टे, ब्रेकर हे महापालिका करणार. म्हणून एकच अर्ज दोन्हीकडे द्यायचा, आणि दोन्ही कॉपीवर आवक नंबर घ्यायचा. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

अर्जाला मुख्याध्यापक मॅडमचं पत्र लावलं, ६४ पालकांच्या सह्या, फोटो, हातानं काढलेला नकाशा. आणि एक काम केलं त्याचा फार उपयोग झाला. रोडच्या कडेला चुन्यानं ५० मीटरवर दोन रेघा मारल्या आणि शाळा सुटायच्या टायमाला मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाड्या मोजल्या. ५० मीटर ६ सेकंदात म्हणजे ३० चा स्पीड, ३ सेकंदात म्हणजे ६०. चार दिवस मोजलं, ३ सेकंदाच्या आतले पण निघाले. ६० च्या गाडीचा धक्का ३० च्या चौपट असतो, दुप्पट नाही, हे वहीत लिहिताना माझा हात थांबला होता.

वाहतूक शाखेतल्या एका पीएसआय साहेबांनी ती वही पूर्ण पाहिली. म्हणाले, "ताई, याच्यावर चलान नाही होत बरं का, एका माणसाच्या नुसत्या अंदाजावर कोर्टात शिक्षा होत नाही, मशीनचा आकडा लागते. पण पाहणीला हे कामाचं आहे." ते कलम १८३ मध्येच आहे. त्याच कलमात दंडपण आहे, २०१९ च्या सुधारणेनंतर हलक्या गाडीला १००० ते २००० आणि मध्यम-जड गाडीला २००० ते ४०००.

त्यांनीच एक रस्ता सांगितला जो मी वाचताना सोडून दिला होता, लिमिट एक महिन्यापेक्षा जास्त ठेवायची नसेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही. म्हणून आधी एक महिन्यासाठी ३० ची लिमिट लागली, लाल गोलात काळा ३०, आणि दोनदा स्पीड गनवाली गाडी येऊन उभी राहिली. गाडी उभी असली की सगळे हळू, गेली की पुन्हा तेच. नुसत्या बोर्डानं काम होत नाही हे मी माझ्या वहीच्या जोरावर सांगते, बोर्डानंतर फक्त सेकंद, अर्धा सेकंद फरक पडला होता.

तोवर पोलीस आणि इंजिनिअर साहेबांची संयुक्त पाहणी झाली, कायमचा आदेश निघायला डिसेंबर उजाडला आणि त्याच्यानंतर ब्रेकर आला. ब्रेकरसाठी मी अडून बसली होती, कारण आपल्याकडे ठेकेदार डांबराचा टेंगूळ टाकून जातात आणि स्कूटीवाली बाईच पडते. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापात तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी आपटत नाही, २५ च्या स्पीडनं आरामात निघून जाते. टेप घेऊन उभी होती मी तिथं, पट्टे रंगवेपर्यंत. झेब्रा पण तेव्हाच मारून घेतला.

जानेवारीत त्याच चुन्याच्या रेघांवर परत मोजलं, बहुतेक गाड्या ५ ते ६ सेकंद घेऊन राहिल्या होत्या. त्या पोरीचे बाबा माझ्यासोबत उभे राहून आकडे लिहीत होते.

एका बाजूचा बोर्ड मात्र कडुनिंबाच्या फांदीत लपतो. बोर्ड दिसतच नसेल तर गाडीवाल्याला काय बोलणार, म्हणून फांदी छाटायचा अर्ज दिला, आवक नंबर त्याच वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला आहे.