खुर्च्या मोजायला येणारा माणूस

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात मी खास एक चाळ बघायला गेले होते. वेल्समधल्या ठिकठिकाणच्या जुन्या इमारती दगड न् दगड सुटा करून इथं आणल्या आहेत आणि पुन्हा उभ्या केल्या आहेत. आत जायला तिकीट नाही. त्यात मर्थर टिडफिलमधल्या रिड-अ-कारची सहा दगडी घरं आहेत, भिंतीला भिंत लागून. लोखंडाच्या खाणीत राबणाऱ्यांसाठी बांधलेली. मी परळच्या चाळीत वाढले, त्यामुळे मला तिला चाळच म्हणावंसं वाटतं. सहाही घरं वेगवेगळ्या काळात मांडली आहेत: १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५.

बहुतेक लोक पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत चालत जातात. मी चौथ्या आणि पाचव्या घरातच येरझाऱ्या घालत राहिले. १९२५ आणि १९५५ यांच्यामध्ये तिथं नुसती एक भिंत आहे. मला बघायचं होतं ते सगळं, घरोघरच्या ऐपतीच्या तपासणीपासून सगळ्यांसाठीच्या मोफत उपचारांपर्यंत, त्या भिंतीएवढ्या जागेत घडून गेलं होतं.

चौथ्या घरात उभी राहून मी सामान मोजलं. टेबल, खुर्च्या, कपाट, बशा. कारण १९३१ नंतर दक्षिण वेल्सच्या या कोळसा-लोखंडाच्या खोऱ्यांमधल्या घरांत ते खरोखरच मोजलं जात होतं. मर्थरशेजारचा डाउलेसचा पोलाद कारखाना १९३० साली बंद पडला. एबू व्हेल गावचा त्याआधीच, १९२९ मध्ये. कोळशाला परदेशात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. विम्यातून मिळणारा बेकारभत्ता २६ आठवड्यांनी संपायचा आणि पुढच्या मदतीसाठी ‘मीन्स टेस्ट’ला सामोरं जावं लागायचं. म्हणजे घराची ऐपत तपासायची. एकट्या बेकार माणसाची नव्हे, सगळ्या घराची. मुलीला दुकानात चार शिलिंग मिळत असतील तर ते बापाच्या भत्त्यातून वजा. म्हाताऱ्या आईचं पेन्शन, पोस्टातली शिल्लक, सगळं धरायचं. तपासनीस घरी यायचा, वह्या बघायचा, घरात विकण्याजोगं काय आहे ते न्याहाळायचा. कमावता मुलगा घरात राहिला तर बापाचा भत्ता जातो, म्हणून मुलं दुसरीकडे खोली घेऊन राहायला लागली. सरकारी नियमानं घरं मोडली, असं म्हटलं तर ते जराही वाढवून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारी १९३५ मध्ये दक्षिण वेल्सचे लोक या तपासणीविरुद्ध लाखांनी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या वर्षी इंग्लंडच्या ईशान्येकडच्या जॅरो गावातून २०० माणसं पायी लंडनला निघाली. त्यांची गोदी बंद पडली होती. महिनाभर चालून ती पोचली, अर्ज दिला आणि हात हलवत परत आली. जॅरोबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी इथं थांबते.

दुसऱ्या दिवशी कार्डिफहून एबू व्हेलची गाडी पकडली. खोरं जसजसं अरुंद होत जातं तशी घरांची रांग डोंगराला चिकटते. आता डोंगर हिरवेगार आहेत, मेंढ्या चरताहेत. टेकाडांचा आकार मात्र काही ठिकाणी विचित्र सपाट दिसतो. ते खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे आहेत, वर गवत उगवलेलं. एबू व्हेलहून बसनं ट्रेडीगर.

गावाच्या मधोमध ओतीव लोखंडाचा उंच घड्याळमनोरा आहे, भोवती गोल चौक. चौकाचं नावच ‘द सर्कल’. तिथल्या १० नंबरच्या घरात ट्रेडीगर मेडिकल एड सोसायटीची कचेरी होती. मी ज्यासाठी इतक्या लांब आले ते हे घर. दर आठवड्याच्या पगारातून पौंडामागे तीन पेन्स कापून खाणकामगार आणि पोलाद कामगारांनी ही संस्था चालवली. त्या पैशांत त्यांनी स्वतःचे डॉक्टर नेमले, दाताचा डॉक्टर, नर्स, औषधं, चष्मे, कवळ्या, खाणीत पाय गेलेल्यासाठी लाकडी पायसुद्धा. गावातले ९५ टक्के लोक तिच्या छत्राखाली होते. घरातला माणूस बेकार झाला म्हणून डॉक्टर बंद, असं नाही.

माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात होते. त्यांचं कामगार विम्याचं कार्ड आई गणपतीच्या फोटोमागं ठेवायची. ते कार्ड घेऊन आम्ही परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात रांगेत उभे राहायचो. त्यामुळे ‘पगारातून कापलेले पैसे’ म्हणजे काय, ते मला समजावून सांगावं लागत नाही.

याच गावात १८९७ साली अनायरिन बेव्हन जन्मला. तेराव्या वर्षी खाणीत उतरला. बोलताना अडखळायचा. कामगारांच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून आणि माळावर भाषणं करून त्यानं ती जीभ सोडवली. वडील फुप्फुसात खाणीची धूळ साठून गेले, आणि तो तेव्हा नुकसानभरपाईच्या यादीतला आजार नव्हता. पुढे बेव्हन सोसायटीच्या इस्पितळाच्या कारभारात होता, मग १९२९ मध्ये खासदार झाला, आणि १९४५ मध्ये आरोग्यमंत्री.

मधली सहा वर्षं दुसऱ्या महायुद्धाची. ज्या खोऱ्यांत वर्षानुवर्षं काम नव्हतं तिथल्या बायका ब्रिजेंडच्या दारूगोळा कारखान्यात तीन पाळ्यांत जाऊ लागल्या. बाँब पडतील म्हणून सरकारनं देशभरची इस्पितळं एका यंत्रणेत बांधली. रेशन सगळ्यांना सारखं. आणि १९४१ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ती घरभर मोजणारी तपासणी रद्द झाली. लोकांना दिसलं की पैसा होता. कशावर खर्चायचा एवढाच प्रश्न होता. डिसेंबर १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिजचा सामाजिक विम्याबद्दलचा अहवाल निघाला तेव्हा सरकारी कागद विकत घ्यायला रांगा लागल्या. हे बेव्हरिज जन्मले तेव्हाच्या बंगालमधल्या रंगपूरला. इकडे मुंबई-कानपूरच्या कामगारांसाठी तसाच आरोग्य विम्याचा अहवाल प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आमच्या घरातलं ते कार्ड त्याच अहवालातून आलेलं.

५ जुलै १९४८. बेव्हननं आणलेली, सगळ्यांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा त्या दिवशी सुरू झाली आणि गरिबांच्या मदतीचा साडेतीनशे वर्षांचा जुना ‘गरीब कायदा’ त्याच दिवशी संपला. ट्रेडीगरला जे होतं तेच मी सगळ्या देशाला देतोय, असं बेव्हन म्हणायचा. पण एक मोठा फरक त्यानं केला, आणि मला तो सगळ्यात थोर वाटतो. वर्गणी भरलीय का, हे विचारणंही त्यानं काढून टाकलं. पैसा करातून आला. दारात कुणाला काही विचारायचं नाही. पहिल्या वर्षातच पन्नास लाखांवर चष्मे दिले गेले. सर्कलमधल्या त्या घरात भेटलेल्या एक आजी म्हणाल्या, “माझी आजी शेजारणीचा चष्मा वाचायला मागून आणायची. स्वतःचा मिळाला तेव्हा ती साठीची होती. मग रोज त्याची घडी उघडायची न् मिटायची, वाचायचं असो वा नसो.” त्यांनी बोटांनी ती उघडझाप करून दाखवली. तीन वर्षांनी सरकारनं चष्म्या-कवळ्यांना पैसे लावायचं ठरवलं, तेव्हा बेव्हननं मंत्रिपद सोडलं. त्याचा राग मला त्या दोन बोटांत कळला.

परतताना मी दोन गावांमधल्या माळावर उतरले. तिथं चुनखडीच्या चार प्रचंड शिळा उभ्या आहेत. मोठी बेव्हनची, बाकीच्या तीन ट्रेडीगर, एबू व्हेल आणि रिम्नीच्या. इथंच तो उघड्यावर बोलायचा. वारा इतका होता की माझी ओढणी मी हातात गुंडाळून धरली होती. तिन्ही गावं खाली दिसत होती.

पाऊस आला तशी धावत एबू व्हेलला उतरले. जिथं पोलाद कारखाना होता त्या जागेवर आता स्टेशन आहे आणि शेजारी इस्पितळ, बेव्हनच्याच नावाचं. गाडीला वेळ होता म्हणून आत जाऊन बसले. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत खिडकीपाशी आले. कोटातून पाणी ठिबकत होतं. आतल्या मुलीनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि “बसा हं, बोलावतील” म्हणाली.

ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.