थांबण्याची जागा

आपलेच वाजवणे ध्वनिमुद्रित करून ऐकण्याइतका निर्दय प्रकार दुसरा नसावा. मोबाइलवर तयार साथ लावून मी कीबोर्डवर मनाला येईल तशी सुरावट वाजवली होती, आणि वाजवताना तरी ती मला चांगलीच रंगलेली वाटली होती. ऐकताना लक्षात आले की तीन मिनिटांत मी एकदाही थांबलो नव्हतो. स्वर चुकले नव्हते, लयही सुटली नव्हती. पण एखाद्याने स्वल्पविरामही न घेता बोलत राहावे आणि समोरच्याला नुसते ‘हं’ म्हणायलाही फट मिळू नये, तसे ते झाले होते. बासरी किंवा ट्रम्पेट वाजवणाऱ्याला दम घेण्यासाठी तरी थांबावे लागते. कीबोर्डवाल्याच्या बोटांना दम लागत नाही, हीच त्याची अडचण.

मग आठ मात्रा वाजवायच्या आणि आठ मात्रा गप्प बसायचे, असा नेम केला, आणि तो प्रकार आणखीच वाईट निघाला. पुढचे आठवेना म्हणून हात उचलावा, तशी माझी शांतता वाटत होती. कारण उघड होते: ज्या स्वरावर मी थांबत होतो, तो खाली साथीत चाललेल्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचा, नव्हताच. सा-ग-प ही कॉर्ड चालू असताना शुद्ध म वर येऊन थांबले, की अर्ध्या स्वराच्या अंतरावरच्या ग ला तो घासत राहतो, आणि नंतरच्या शांततेत ती खरखरच तेवढी ऐकू येते. म वाजवूच नये असे नाही. ग कडे जाता जाता लागला तर तो गोडच लागतो. वाटेवरचा स्वर वेगळा आणि मुक्कामाचा वेगळा, इतकेच. (थांबण्याच्या स्वरासाठी आपल्याकडे न्यास हा शब्द आहेच, फक्त रागात न्यासाचे स्वर ठरलेले असतात, आणि इथे ते दर कॉर्डगणिक बदलतात.)

एका संध्याकाळी मी अगदी साधी मालिका लावली: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म आणि शेवटी सा-ग-प. त्यावर फक्त म धरून बसलो. पहिल्या कॉर्डमध्ये तो रे पासूनचा तिसरा स्वर, त्यामुळे तिचा हळवेपणा त्याच्याकडे होता. दुसरी कॉर्ड आली. माझे बोट जागचे हलले नव्हते, तरी तोच म आता प पासूनचा सातवा होऊन बसला होता आणि त्याला खाली उतरण्याची ओढ लागली होती. तिसरी कॉर्ड येताच मी त्याला ग वर सोडले. अर्ध्या स्वराचे अंतर ते काय, पण घरी आल्यासारखे वाटले. मग हेच सा वरून करून पाहिले: पहिल्या कॉर्डचा सातवा असलेला सा, दुसरी येताच तिचा तिसरा असलेल्या नी वर अलगद उतरला. कॉर्डचा रंग बहुतेक वेळा या तिसऱ्या आणि सातव्या स्वरांतच असतो. मूळ स्वर बेसवाला सांभाळतो आहेच, त्यावर आपण पुन्हा कशाला रेघ ओढायची?

त्या ग नंतर मी हात उचलला. या वेळी विसरल्यासारखे वाटले नाही, कारण मी गप्प असलो तरी साथ गप्प नव्हती, आणि ती जे म्हणत होती त्याला माझा शेवटचा स्वर धरून होता. जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून फ्रेडी ग्रीन गिटारवर मात्रेमात्रेला कॉर्ड देत असे. म्हणूनच बेसीला पियानोवर दोन-तीन स्वर टाकून हात काढून घेणे शोभत असे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधल्या पहिल्याच रचनेत तर प्रत्येक आवर्तनाचे पहिले सोळा बार (चार-चार मात्रांचे गट) स्वरमेळ बदलतच नाही. पुढची कॉर्ड येऊन आपल्या स्वराला नवा अर्थ देईल, ही आशासुद्धा तिथे नसते, आणि तरीही तो मोकळ्या जागा सोडत जातो. ती धिटाई मला अजून झेपत नाही.

सध्या मी चार मात्रांपुरताच थांबतो. एक, दोन, तीन मोजेपर्यंत ठीक चालते. चौथीला बोट हटकून पट्टीकडे सरकते, आणि मी ते उचलून पुन्हा मांडीवर ठेवतो.